मंगळवारचं पाणी

गुणवंतीने काचेच्या टाकीतली खडी रोवळीत ओतली आणि विहिरीजवळ बसून तांदळासारखी खळखळून धुतली. तिसऱ्यांदा पाणी नितळ उतरलं तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. तरी संध्याकाळी आणखी एक मासा उताणा तरंगला. सातांतला सहावा.

तिच्या नवऱ्याने, दादूने, तो डाव्या हाताने उचलला आणि बराच वेळ तळव्यावर तसाच ठेवला. उजवा हात दिवाळीपासून लुळा होता. तीस वर्षं मासेमारीच्या लाँचवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या, म्हणून काढल्यावर अर्धांगाचा झटका आला, आणि तेव्हापासून तो ओटीवरून फारसा हलला नव्हता. बोलणंही आटलं होतं. मुलाने, रघूने, मुंबईहून ही टाकी आणून पंप लावून दिला, तेव्हापासून मात्र ‘ह्यो बघ, खातोय’ एवढं तरी तो म्हणायचा.

"डोळ्यांसमोर मरतात गं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मासळीची पाटी लवकर रिकामी करून गुणवंती टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन माशांच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत गेली. तिच्याकडून बांगडे घेणारा महिपत तिथे कामाला होता. मंडणगडकडचा, तिशीतला. त्याने काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे दोन थेंब सोडले. पाणी गर्द पिवळं झालं.

"मावशी, यात विष झालंय. माशांच्याच घाणीचं. खडी धुता का?"

"एक दिवसाआड धुतंय. घाण कशी ठेवू?"

"तिथेच अडलंय. घाण पचवणारे बारीक जीव त्या खडीवरच वाढतात, डोळ्यांना दिसत नाहीत. तुम्ही धुतलीत की ते गेले. त्यात विहिरीत जंतू मारायची पावडर टाकतात, तीही त्यांना मारते."

गुणवंतीने बाटलीचं बूच घट्ट लावलं, पुन्हा काढलं.

"म्हणजे मीच मारले."

"तुम्ही जपायला गेलात," महिपत म्हणाला. त्याने जुन्या टाकीतली ओंजळभर शेवाळलेली खडी ओल्या फडक्यात बांधून दिली. "ही टाका आणि धुऊ नका. उरलेला मासा इथे आणून सोडा. मासे नसले तरी टाकीत रोज चिमूटभर खाणं टाका, ते कुजेल त्यावर हे जीव वाढतील. पंप चालू ठेवा. पिवळेपणा वाढेल, मग उतरेल. महिना-दीड महिना. दर मंगळवारी पाणी दाखवा."

"नि तोवर त्यांनी काय बघायचं?"



दोन मंगळवार गुणवंतीने बाटली नेली. तिसऱ्या मंगळवारी ती बाजारातून परतली तर ओटी रिकामी. काठी नाही, बाटलीही नाही. ती गल्लीच्या तोंडापर्यंत धावली, परत आली, पुन्हा गेली. तासाभराने दादू आला. सदरा घामाने चिंब.

"अजून पिवळं हाय," तो म्हणाला आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायला.

मग दर मंगळवारी तोच जाऊ लागला. परतल्यावर थोडं बोलूही लागला. तिथे शिकणाऱ्या पोरांना ढोमा आणि गोबरा या माशांतला फरक कळत नाही, असं सांगताना एकदा हसलासुद्धा.

दहाव्या आठवड्यात महिपत बाजारात बांगडे निवडत म्हणाला, "मासे कधी सोडताय? तुमचा मासा आमच्याकडे लठ्ठ झाला."

"पाणी कुठे तयार झालंय? मंगळवारी हे येऊन म्हणाले, थोडं पिवळं हाय."

महिपतचा हात थांबला.

"मावशी, पाणी तीन आठवडे झाले चांगलं आहे. मी काकांना नळी दाखवलीय." तो जरा घुटमळला. "ते पोरांना जाळं विणायची गाठ शिकवतात. एका हाताने. पोरं वाट बघत असतात."

गुणवंतीने त्याच्या वाट्यात एक बांगडा जास्तीचा टाकला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मंगळवारी दादूने टाकीत बाटली बुडवली.

"बघूया आज काय म्हणतात," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

गुणवंतीने त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"पिवळं असलं तर असू दे. मला काय घाई नाय."

दादू क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग काठी टेकत पायरी उतरला.