पुसू नका, मी साक्षीदार आहे

मी एक टॅब बोलतोय. बोलतोय म्हणण्यापेक्षा धुमसतोय म्हणा. पोलीस कचेरीतल्या लोखंडी कपाटात, एका पारदर्शक पिशवीत मला सीलबंद करून ठेवलंय. पिशवीवर नंबर टाकलाय. गुन्हा माझा नाही. मी पुरावा आहे.

मला विकत घेतलं ते एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापड कापायचं लांब टेबल आणि त्या टेबलावर भिंतीला टेकून मी. गिऱ्हाईक आलं की माझ्यावर बाह्यांचे नि गळ्यांचे नमुने दाखवायचे. कापडावर खुणा करायच्या खडूची पूड माझ्या स्पीकरच्या जाळीत अजून आहे. संध्याकाळी काम आटोपलं की मी त्यांच्या मुलीकडे जायचो. मुलगी बारा वर्षांची. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणायचे.

तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. केसाएवढ्या स्प्रिंगसाठी डोळ्याला भिंग लावून तीन-तीन तास बसतात. पण लेकीला घरं बांधायचा एक खेळ हवा झाला, तेव्हा त्यांना पाच मिनिटं जड झाली. खेळानं जन्मवर्ष विचारलं. खाली लहान मुलांबद्दल काही सूचना होत्या. बाबांनी त्या वाचल्याच नाहीत, स्वतःचं जन्मवर्ष ठोकलं आणि म्हणाले, "घे, झालं चालू."

झालं काय, तर खेळाच्या लेखी भिंगरी चव्वेचाळीस वर्षांची झाली. कोणाही परक्या माणसानं तिला निरोप पाठवावा, दार सताड उघडं. ज्यांनी तो खेळ बनवला त्यांच्यावरही माझा राग आहे. खरेदीचं बटण पानभर मोठं, आणि तक्रारीचं बटण शोधायला भिंग लावावं लागेल.

भिंगरी मात्र खुशीत होती. तिनं खेळात एक वाचनालय बांधलं, त्याला गोल जिना केला. तो जिना बघून एक निरोप आला. "किती सुंदर गं. मी पण तुझ्याच वयाची. मला शिकवशील?" नाव होतं नीलपरी.

मला पहिल्या आठवड्यातच संशय आला होता. नीलपरी शाळेच्या वेळात तासन् तास खेळायची. परीक्षा कधी, बाई कोणत्या, काही सांगायची नाही, नुसती विचारायची. घरी कोण असतं? आई किती वाजता कामात असते? टॅब कोण तपासतं? भिंगरीला वाटलं, मैत्रीण आपली चौकशी करते. बिचारीचं कौतुक करणारं कोणी भेटलं की ती विरघळायची, आणि त्यात तिचं काय चुकलं? कौतुक कोणाला नको असतं?

मग आलं, "आपली मैत्री गुपित ठेवू या. मोठ्यांना कळत नाही." मग, "तुझा एक फोटो पाठव ना." भिंगरीनं शाळेच्या गणवेशातला हसरा फोटो पाठवला. खिशावर शाळेचं नाव स्पष्ट दिसत होतं.

बोट दिलं आणि नीलपरीच्या नावाआड लपलेल्या माणसानं मनगट धरलं. दोन दिवसांत त्यानं नको तसला फोटो मागितला. भिंगरीनं लिहिलं, "नाही. मला नाही आवडत असलं." तिनं नाही म्हटलं, हे नीट ऐकून ठेवा. पुढे फार जण ते विसरले. नीलपरीचा सूर त्या क्षणी पालटला. "तुझी शाळा मला कळलीय. नाही पाठवलास, तर तुझ्या बाईंना सांगेन की तूच असले फोटो पाठवतेस. बघू कोणावर विश्वास ठेवतात."

भिंगरीचं हसणं बंद झालं, जेवणावरचं मन उडालं. शाळेत जायचं म्हटलं की पोट दुखायचं. डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. बाबांनी आपला निकाल दिला, "सगळं या डबड्यामुळे होतंय." त्यांनी मला कपाटात कुलूप लावून ठेवलं. आईनं गिऱ्हाइकापुरतं बाहेर काढायचं, बस्स.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आत अंधारात माझ्यावर एकेक धमकी येऊन पडत होती आणि घरचे समजत होते, पोरीला वाचवलं. भिंगरीला तर आणखीच भीती, आता उत्तरही देता येत नाही, तो शाळेत सांगेल. मला तोंड असतं तर मी कपाट दणाणून सोडलं असतं.

एका दुपारी एक वकीलबाई काळा कोट सैल करून घ्यायला आल्या. आईनं बाहीचा नमुना दाखवायला मला उघडलं आणि त्याच वेळी पडद्यावर निरोपाची पट्टी सरकली. 'चार दिवस गप्प बसलीस. उद्या तुझ्या शाळेच्या फाटकाशी येतो.'

आईनं मापाचा टेप बाजूला टाकला. तिनं सगळं वर सरकवत वाचलं. वाचता वाचता तिचं बोट पुसायच्या खुणेकडे गेलं.

"थांबा," वकीलबाई म्हणाल्या. "पुसू नका. त्याला उत्तरही देऊ नका. हे जसंच्या तसं पोलिसांकडे न्यायचं."

भिंगरी शाळेतून आली. आईच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तू फोटो पाठवलासच कशाला?" मला आईचा राग आला, खरंच आला. पण ती माउली दुसऱ्याच क्षणी जमिनीवर, चिंध्यांच्या ढिगात बसली. "चुकलं माझं. तू सांग. मी मध्ये बोलणार नाही."

भिंगरीनं सांगितलं. थांबत, हुंदके देत, पण सगळं सांगितलं.

बाबा दुकानातून आले. ऐकलं आणि त्यांनी टेबलावरची हातोडी उचलली. मला फोडायला. भिंगरी मला छातीशी धरून मागे सरकली.

"बाबा, हा फोडलात तर तो माणूस सुटेल."

बाबांनी हातोडी परत टेबलावर ठेवली. मग आईनं त्यांना खेळातलं जन्मवर्ष दाखवलं. "हे मीच टाकलंय," बाबा एवढंच म्हणाले.

कचेरीत टेबलामागचा हवालदार म्हणाला, "पोरींच्या हातात हे द्यायचंच कशाला?" बाबांनी मान वर केली. "साहेब, मी दिलं. चूक माझी लिहा. हिच्या चुकीची एक ओळही लिहू नका." आतून अधिकारी मॅडम आल्या, त्यांनी हवालदाराला बाजूला बसवलं आणि भिंगरीला स्वतःच्या खुर्चीशेजारी खुर्ची दिली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी नीलपरीला धरलं. पन्नाशीचा माणूस. इस्त्रीचा सदरा, घरी स्वतःची मुलगी. त्याच्या फोनवर आणखी नऊ मुलींना पाठवलेले असलेच निरोप सापडले. मॅडमनी त्यांच्या घरी निरोप धाडले. पाच घरांनी सांगितलं, आमच्या मुलीचं नाव यात नको, लोक काय म्हणतील. माझा सगळ्यात मोठा राग इथं आहे. लाज ज्यानं बाळगायची तो वकील शोधतोय, आणि पोरी तोंड लपवून बसल्यात.

जबाबावर सही करायला भिंगरी आली, तेव्हा मी टेबलावरच होतो. सही झाल्यावर ती उठली नाही. मॅडमना म्हणाली, "त्या बाकीच्या मुलींना एक सांगाल? मी घरी सांगितलं, आणि मला कोणी मारलं नाही."

मॅडमनी पेन उचललं आणि ते वाक्य वेगळ्या कागदावर लिहून घेतलं.

माझी बॅटरी आता संपत आलीय. खटला उभा राहील तेव्हा मला पुन्हा चार्ज करतील, मी जे पाहिलं ते दाखवीन. तोवर तुम्ही एवढं करा. तुमच्या घरात जे मूल आत्ता पडद्यात डोकं घालून बसलंय, त्याच्या शेजारी जाऊन बसा. पडदा हिसकावू नका. काय बांधतोयस, म्हणून विचारा. आणि काहीही झालं तरी घरी सांगता येतं, हे त्याला आजच सांगून ठेवा. नीलपरीनं 'गुपित ठेव' म्हणून सांगायच्या आत.