सोजरबाईची बर्बन

शिरूरच्या मागच्या वस्तीतला हातभट्टीचा गुत्ता ज्या बाईनं बंद पाडला, तिच्याच पोराला घरात दारू आणायची होती. ही गोष्ट आईला सांगायची सम्राटची काही छाती झाली नाही. त्यानं ती बायकोला सांगितली, आणि बायकोनं, करुणानं, चहा गाळता गाळता सासूच्या कानावर घातली. रविवारी पाहुणा यायचाय आणि यांना बोरबन आणायचीय, असं ती म्हणाली.

"बोरबन म्हंजी ते मधी चॉकलेट असलेलं बिस्किट ना?" सोजरबाई म्हणाली. "मग किराणा दुकानात मिळतंय की."

करुणानं मान वर केली नाही. तेव्हा सोजरबाईला कळलं की हे बिस्किट नव्हे.

पाहुणा म्हणजे वेस्लीसाहेब. सम्राट रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होता, तोही ठेकेदाराचा माणूस. तिथं नव्या मशिनी बसवायला हा साहेब अमेरिकेतून आला होता. एकदा सम्राटचा हात आत असताना प्रेस खाली यायला लागली. शेजारच्या मशिनीवर काम करणाऱ्या वेस्लीनं झेप घेऊन ती बंद केली, म्हणून हात वाचला. पण घरच्यांना त्याच्यापेक्षा मोठं वाटलं ते पुढचं. मॅनेजरनं चौकशीत सांगितलं की कामगार बेसावध होता. ठेकेदार तर उद्यापासून येऊ नको म्हणून मोकळा झाला. तेव्हा वेस्लीनं सगळ्यांच्या देखत सांगितलं की मशिनीची सुरक्षेची जाळी मॅनेजरनंच काढायला लावली होती, काम पटापट उरकावं म्हणून. सम्राटची नोकरी राहिली, आणि त्याच्या नावाला लागलेला बट्टाही गेला.

आता तो साहेब परत निघाला होता. जाण्याआधी एकदा आपल्या घरी जेवायला या, असं सम्राटनं म्हटलं आणि तो लगेच हो म्हणाला. बोलता बोलता त्यानं असंही सांगितलं होतं की इथं सगळं आवडलं, पण गावाकडची बर्बन तेवढी आठवते. त्याच्या केंटकी राज्यात मक्याची दारू करतात आणि आतून जाळलेल्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवतात. सम्राटच्या मनानं तेवढंच धरलं.

सोजरबाई भडकली. तिचा पाठचा भाऊ हातभट्टीनं गेला होता. त्याच्या तिरडीमागून चालताना तिनं मनाशी जे ठरवलं ते पुरं करायला कित्येक वर्षं गेली. ती बायांना घेऊन पोलीस चौकीवर बसली, गुत्तेवाल्याच्या माणसांच्या शिव्या ऐकल्या, एकदा डोक्यात दगड खाल्ला, आणि शेवटी तो गुत्ता उठवला. आणि आता घरातच बाटली! ती सम्राटशी बोलेना. भाकरी थापताना परातीचा एवढा आवाज व्हायचा की शेजारणीला कळावं, या घरात काहीतरी झालंय.

बबनराव, तिचा नवरा, दौंडच्या रेल्वे शेडमधून फिटर म्हणून रिटायर झालेला माणूस, मोजकंच बोलायचा. तो एवढंच म्हणाला, "पाव्हण्यानं आपल्या पोराचा हात वाचिवला. त्याला काय गोड लागतं ते आपुन ठरवायचं व्हय?"

सोजरबाई त्यावर रात्रभर तळमळली आणि सकाळी तयार झाली, पण एका अटीवर. बाहेरच्या खोलीत बुद्धाचा आन् बाबासाहेबांचा फोटो आहे, तिथं बाटली येणार नाही. प्यायची ती गच्चीवर.

तेवढं ठरल्यावर सम्राट बाटलीच्या शोधाला लागला. पुण्यात चौकशी केली तर एका बाटलीच्या भावात घरचा महिन्याचा किराणा आला असता. शिरूरातल्या दोन दुकानांत बर्बन हा शब्दच कुणी ऐकला नव्हता. मग तो बाजारपेठेतल्या हौसरावांच्या वाईन शॉपमध्ये गेला. काउंटरवर त्यांचा मुलगा सत्यजीत होता. त्यानं खालून बाटली काढली. इम्पोर्टेड आहे, ओळखीतून आलीय, तू आपल्या गावचा म्हणून निम्म्या भावात देतो, म्हणाला. सम्राटनं ती पेपरात गुंडाळून घरी आणली. लेकराला नवा शर्ट घेतल्यावर होतो तसा त्याचा चेहरा झाला होता.

सोजरबाईला त्या बाटलीला हात लावायचा नव्हता. पण बाटलीवर धूळ होती, आणि धुळीची वस्तू पाहुण्यापुढं ठेवणं तिच्या हातून होणार नव्हतं. तिनं ओलं फडकं घेतलं आणि बाटली पुसली. फडक्याबरोबर लेबल सरकलं. तिनं अंगठ्यानं जरा रेटलं तर घोड्याचं चित्र असलेलं ते सोनेरी लेबल सालीसारखं निघून हातात आलं, आणि खाली दुसरं लेबल दिसलं. ते गल्लोगल्ली मिळणाऱ्या हलक्या रमचं होतं. वस्तीतल्या पोरांनाही ते ओळखू आलं असतं.

सम्राटनं बाटली फिरवून बघितली. मग म्हणाला, "जाऊ दे, आई. त्यांच्याशी कोण भांडणार?"

बाटली खोटी निघाली याचा सोजरबाईला राग आला होता, पण हे ऐकून तिच्या अंगाची लाही लाही झाली. ज्या पोरासाठी परक्या देशाचा माणूस साहेबांपुढं उभा राहिला, तो पोरगा आपल्याच गावात कोण भांडणार म्हणतो. तिनं पदर खोचला, बाटली आणि ओलं लेबल पिशवीत टाकलं आणि निघाली. सम्राट मागोमाग आला, पण दुकानाच्या अलीकडंच थांबला.

दुकानापुढं संध्याकाळची गर्दी होती. बाई आलेली बघून पुरुष बाजूला झाले. काही ओळखीचे तर तोंड फिरवूनच उभे राहिले. सत्यजीतनं बाटली हातातही घेतली नाही. ही आमच्याकडची नाही, म्हणाला. सोजरबाईनं सम्राटकडं बोट दाखवलं. काल याच पोरानं तुझ्याकडून नेली, असं ती म्हणाली, तेव्हा तो हसला.

"मावशी, तुमच्यातल्या लोकांना बर्बन कशाला पायजे? देशी न्या. ती तरी अस्सल मिळंल."

उभ्या असलेल्यांतले दोघं-तिघं हसले. सोजरबाई हसणाऱ्यांकडं बघायला वळली आणि तिथंच थबकली. त्यातला एक तिच्या गल्लीतला होता. दुसरा त्याच्या पलीकडच्या घरातला. पूर्वी गुत्त्याच्या ओट्यावर जी माणसं बसलेली असायची, तीच इथं ओळीनं उभी होती. गुत्ता उठला तेव्हा त्यांच्या बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या होत्या. आता नवरा सुधारला, असं त्यांना वाटलं होतं. नवरा फक्त बाजारपेठेपर्यंत चालायला लागला होता.

तेवढ्यात आतून हौसराव बाहेर आले. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध. सोसायटीत, कारखान्यात, सगळीकडं त्यांचा शब्द चालायचा. सोजरबाईला बघून त्यांनी हात जोडले, खुर्ची मागवली, चहा सांगितला आणि मुलाला चार शब्द सुनावले. मग वरच्या फळीवरची एक महागडी स्कॉच स्वतः उतरवली आणि तिच्यापुढं ठेवली. घरचं समजा, पैसे नकोत, म्हणाले.

सोजरबाई खुर्चीत बसली नाही. तिला ती सभा आठवली. गुत्ता उठला त्या आठवड्यात वस्तीत मंडप टाकला होता आणि हे हौसराव स्टेजवर होते. पोलिसांची गाडी त्यांच्याच फोनवर आली, असं सगळे म्हणत होते. त्यांनी भाषण केलं, भगिनींचं दुःख आमचं दुःख म्हणाले, आणि सगळ्यांसमोर तिच्या खांद्यावर शाल घातली. तिनं घरी येऊन बबनरावांना सांगितलं होतं, मोठ्या घरातला असला तरी माणूस चांगला हाय.

"आप्पा," ती म्हणाली, "तुम्ही मला शाल घातली तवा मला वाटलं, तुम्हाला बायांचं दुःख कळतंय. तुम्हाला तर गुत्त्याची गिऱ्हाइकं पायजे व्हती."

हौसरावांचा चेहरा हलला नाही. "पिणारा पितोच, सोजरबाई. हातभट्टीचं इख पिण्यापरीस सरकारमान्य पिलेलं काय वाईट?"

सोजरबाईनं पिशवीतून ते ओलं लेबल काढलं आणि काउंटरच्या काचेवर चिकटवलं. शेजारी रमची बाटली ठेवली. "ही सरकारमान्य हाय व्हय, आप्पा?"

मघाशी हसलेले आता पायाकडं बघत होते. एकानं नुकतीच घेतलेली क्वार्टर उजेडाकडं धरून बघितली. हौसरावांनी मुलाला पैसे परत द्यायला लावले. सत्यजीतनं ते तिच्या हातात न देता काचेवर टाकले. बाटली आमच्याकडं ठेवा, आम्ही बघतो, असं हौसराव म्हणाले. तिनं ती उचलली, दुकानासमोरच्या गटारीत ओतली, रिकामी बाटली परत काउंटरवर ठेवली आणि मगच पाठ फिरवली. स्कॉच होती तिथंच राहिली. सम्राटनं वाटेत आईच्या हातातली पिशवी घेतली.

पैसे परत आले, पण बर्बन नव्हती. सोजरबाई आता हट्टाला पेटली. ज्या बाईला दोन दिवसांपूर्वी दारूचं नाव नको होतं, ती म्हणू लागली की पाहुण्याला खरीच मिळाली पाहिजे. नाही मिळाली तर हौसराव जिंकले.

बबनरावांना दौंडातलं एक दुकान ठाऊक होतं. स्टेशनजवळ, झुंबरबाईचं. शनिवारी सकाळी नवरा-बायको एसटीत बसले आणि न्हावरा, इनामगाव करत उन्हं चढायला दौंडात उतरले. झुंबरबाई साठीकडं झुकलेली, चष्मा नाकावर, काउंटरमागं लोखंडी स्टुलावर बसलेली. आधी सोजरबाईनं तिच्यावरच राग काढला.

"बाई असून ह्यो धंदा करायला लाज वाटत न्हाई?"

झुंबरबाईनं राग मानला नाही. "वाटायची. नवरा हीच पिऊन गेला आन् लायसन माझ्या गळ्यात पडलं. ते इकून मी कुठं जाऊ? आता खोटं इकायची तेवढी लाज ठेवलीया."

सोजरबाई काउंटरजवळ सरकली. तिनं शिरूरची हकिगत सांगितली. झुंबरबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की तुमच्या पैशात बर्बनची अख्खी बाटली येणार नाही. येते असं जो म्हणेल तो फसवतो आहे, एवढं ध्यानात ठेवा. पण दोन माणसांना एक संध्याकाळ पुरेल एवढी लहान बाटली आपल्याकडं आहे. एका साहेबानं पुण्याहून मागवायला लावली होती, त्याची बदली झाली आणि तो न्यायला आलाच नाही. खोक्याचा कोपरा चेपलाय, म्हणून आणलेल्या भावात देते. तिनं बाटली पुढं सरकवली आणि पाण्याचा तांब्याही शेजारी ठेवला. सोजरबाईनं अंगठा ओला करून लेबल चांगलं रगडलं, बुचाचं सील नखानं टोकरून बघितलं. काही निघालं नाही. मग तिनं पैसे दिले.

रविवारी वेस्लीसाहेब आला. उंच, लालबुंद, बूट काढताना दाराच्या चौकटीला डोकं आपटून घेणारा. मांडी घालता येईना म्हणून पाय एका बाजूला टाकून जेवला. मटणाच्या रश्श्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी परत मागितला. पुढं सम्राट त्याला गच्चीवर घेऊन गेला आणि बाटली पुढं ठेवली. साहेबानं ती हातात घेऊन लेबल वाचलं, सम्राटकडं बघितलं, पुन्हा लेबल वाचलं. थोडीशी ओतून घेतली आणि कितीतरी वेळ नुसता वास घेत बसला. त्याचा बाप पिंपं बनवायच्या कारखान्यात होता, हा त्याच्या कपड्यांचा वास आहे, असं त्यानं सांगितलं. बबनरावांनी मान राखायला एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. साहेब खूप हसला.

सोजरबाई जिन्यात उभी राहून हे बघत होती. पाहुणा खूश झाला याचं तिला बरं वाटलं, पण मन तिथं नव्हतं. ते बाजारपेठेतल्या काउंटरपुढच्या त्या ओळीत अडकलं होतं.

साहेब गेल्यानंतरच्या आठवड्यात ती पुन्हा वस्तीत फिरू लागली. बायांनी सह्या दिल्या तर मतदान लागतं, चिठ्ठीवरच्या आडव्या बाटलीला जास्त मतं पडली तर परवान्याचं दुकानही बंद होतं, हे तिला माहीत होतं. सम्राटनं या खेपेला कोण भांडणार असं म्हटलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो तिच्याबरोबर फिरला आणि अर्ज वाचून दाखवायचं काम त्यानं घेतलं.

सगळ्याच बाया खूश नव्हत्या. जिच्या नवऱ्याला सोजरबाईनं त्या ओळीत बघितलं होतं, त्या रंभानं तिला दारातच अडवलं. "सोजरबाई, तुम्हीच दौंडास्न बाटली आणली म्हणं. आन् आता आम्हाला सह्या मागताय?"

गल्लीतल्या बाया ऐकायला उभ्या राहिल्या. सोजरबाई गडबडली नाही.

"आणली. पाव्हण्यासाठी आणली, आन् ती आणाया गेले म्हणून तर तुझा नवरा काय पितोय ते मला दिसलं. तुला त्यो बाटलीचे पैसे मागतोय, आन् आत काय भरलंय ते त्यालाबी ठावं न्हाई. मी आणली त्याचं पाप मला लावायचं तर लाव. पर सही कर."

रंभानं लगेच सही केली नाही. संध्याकाळी करुणाकडं येऊन केली.

सह्या पुरेशा जमल्या, अर्ज गेला, तपासणीला सरकारी माणसं आली. त्यांना दुकानात सगळं नियमात सापडलं. सह्यांतल्या कित्येक बायांची नावं मतदार यादीशी जुळत नाहीत, असं लेखी कळवण्यात आलं आणि मतदान लागलंच नाही. हौसरावांनी दुकानाची पाटी तेवढी नवी केली. सोजरबाईनं घरी येऊन तो कागद रागानं ओट्यावर आपटला. बबनरावांनी पाणी आणून दिलं. तिनं ते घेतलं, पिऊन तांब्या खाली ठेवला आणि करुणाला हाक मारून म्हणाली की ज्यांची नावं जुळत न्हाईत म्हणतात, त्या बायांची रेशन कार्डं गोळा कर, उद्या सकाळपास्नं पुन्हा निघायचंय.