पार्वताबाईंचा वाटा

वच्छलाबाईंचा त्या वर्षीच्या चातुर्मासाचा नेम असा होता, की कार्तिकी एकादशीपर्यंत तोंडातून खोटं काढायचं नाही. कुणी वांगं सोडतं, कुणी जेवताना बोलणं सोडतं. दर वर्षी एकेक सोडत आल्यामुळे त्यांच्या ताटात आता सोडण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं, म्हणून या वेळी खोटं सोडलं. सून प्राजक्ता तेव्हा हसली होती.

"आई, तुमी आधी तरी कधी खोटं बोलत होत्या?"

"बोलत होती ना. तुया उपम्याले चांगला म्हनत होती."

दुसरा नेम लाख वातींचा होता, पण तो एकटीचा नव्हता. अकोल्याच्या जठारपेठेत त्यांच्या मागच्याच गल्लीत पार्वताबाई राहायच्या. नवरा गेल्यापासून साड्यांना फॉल-पिको लावून पोट भरणारी ही बाई रोज दुपारी मशीन झाकून वच्छलाबाईंच्या ओसरीवर यायची. मधे सरकी काढलेल्या कापसाचा ढीग, दोघी दोन बाजूंना, आणि मांडीवर वळलेल्या वाती. पन्नास हजार तुमच्या, पन्नास हजार माह्या, असा त्यांचा ठराव होता.

तिकीट घेतलं तेही याच ठरावानं. श्रावणात दोघी अकोटला कापूस आणायला गेल्या होत्या. परतताना अकोल्याच्या बसस्टँडबाहेर गणपती बंपरची तिकिटं टांगलेली दिसली. एक कोटी पहिलं बक्षीस, तिकीट दोनशेचं.

"घ्यायचं काय वो?" पार्वताबाईंनी विचारलं. "माह्याजवळ शंभर आहेत."

"लॉटरी म्हनजे जुगारच की बाई."

"गनपतीच्या नावाचा आहे. अर्धं पाप तुमी घ्या, अर्धं मी घेतो."

दोघी हसल्या आणि शंभर-शंभर घातले. तिकीट वच्छलाबाईंनी पर्समध्ये ठेवलं, कारण पार्वताबाई म्हणाल्या, "तुमच्या गजेंद्रले मोबाईलवर पाहाता येते. मले काय समजते त्यातलं?"

आणि त्या तिकिटाला पहिलं बक्षीस लागलं.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गजेंद्रनं निकाल पाहिला, तीनदा पाहिला, मग उठून खिडक्या लावल्या, आणि शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून रिकामा मिक्सर चालू केला. त्या घर्रघर्र आवाजात त्यानं आईच्या कानाशी सांगितलं. वच्छलाबाई पाटावर बसल्या. गजेंद्रनं तिकीट उलटं करून पुढ्यात ठेवलं, हातात पेन दिला.

"मागं नाव लिही अन् सही कर. पहिले ते. हरवलं तं कोनाच्याही हाती लागीन."

त्यांनी लिहिलं, सही केली. "आता याच्या खाली पार्वताबाईचं लिहितो."

"एकच नाव लागते, आई." त्यानं तिकीट उचललं आणि कपाटात टाकून किल्ली खिशात घातली.

तेव्हा त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. नाव एकाचं असलं तरी वाटा दोघींचा, एवढं तर पोराला कळतच असेल.

दुपारी घरातले चौघे बसले. कोणाला सांगायचं नाही, हे पहिल्याच वाक्यात ठरलं, आणि वच्छलाबाईंनीही मान डोलावली. नात्यातले उधार मागायला येतील, देणगीवाले येतील, चोरांना वास लागेल. वच्छलाबाईंचे यजमान भगवंतराव निवृत्त मुख्याध्यापक, रोज सकाळी आंघोळ झाली की पोथी वाचल्याशिवाय चहाला न शिवणारे. त्यांची अडचण वेगळीच होती.

"पितृपक्ष लागून राहिला. सर्वपित्री होईपर्यंत या पैशाले हात लावायचा नाही. घटस्थापनेनंतर मुंबईले जाऊन अर्ज देऊ. वच्छला, त्या अर्जावर तुई सही लागीन, अन् तुयं बँकेचं पासबुक."

"बरं. पार्वताबाईले मी आजच सांगतो."

प्राजक्ताने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं बापाकडे आणि बापानं भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे.

"त्यायले कशाले?" गजेंद्र म्हणाला.

"कशाले म्हनजे? अर्धं तिकीट तिचं आहे."

"आई, शंभर रुपयांचं काय घेऊन बसली! दिवाळीले त्यायले पन्नास हजार देऊ. साडी देऊ. त्या खूश होतीन. पूर्ण रक्कम सांगतली तं गल्लीभर होते."

"अन् तिनं विचारलं तं?"

"सांग का काही लागलं नाही म्हनून."

वच्छलाबाईंचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. पण त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली ती आपटून ठेवली. "माहा नेम आहे, गजेंद्र. अन् नेम नसता तरी हे मले बोलता आलं नसतं."

तेव्हा प्राजक्ता पुढे सरकली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "मंग आई, तुमी मौन धरा ना. तेही व्रतच आहे. बोलाच नका, म्हनजे खोटंही नाही अन् खरंही नाही."

वच्छलाबाईंना वाटलं, आपल्या देव्हाऱ्यातलं तबक उचलून कोणी त्यात खरकटं वाढलं. चाळीस वर्षं त्यांनी उपास केले, सोवळं पाळलं, प्रदक्षिणा घातल्या; पण नेम म्हणजे चोरीवर झाकायचं फडकं, असं या घरात कोणाला वाटत असेल, हे त्यांना आज कळत होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. या माणसानं शाळेत कॉपी करणाऱ्या पोरांना उन्हात उभं केलं होतं.

"तुमी काही बोलत काहून नाही?"

"मी मधात पडत नाही," भगवंतराव म्हणाले. "पंधरवडा आहे. घरात वाद नको."

म्हणजे पितृपक्षात पैसा घरात आणलेला चालत नाही, आणि दुसऱ्याचा पैसा दाबलेला चालतो! हे वाक्य वच्छलाबाईंच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. नवऱ्याला उलटून बोलायची सवय नव्हती. त्याच सवयीचा फायदा घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी गजेंद्रनं त्यांची बॅग भरली आणि गाडीत बसवून अमरावतीला प्रणालीकडे, म्हणजे मुलीकडे, नेऊन सोडलं. "थोडे दिवस आराम कर. मन शांत होईन."

मन शांत व्हायचं सोडाच, दिवसागणिक तापत गेलं. प्रणालीला भावानं सगळं सांगून ठेवलं होतं. ती आईच्या केसांना तेल लावता लावता म्हणायची, "आई, दादाचं अगदीच चूक नाही गं. नाव तर तुझंच आहे ना तिकिटावर? कायद्यानं तुझंच." लेक कायदा कधी शिकली, असं वच्छलाबाई मनातच विचारत. रोज सकाळी त्या अंबादेवीला जात, ओटी भरणाऱ्या बायांच्या गर्दीत उभ्या राहत, पण हात जोडले की देवीऐवजी पार्वताबाईंचं पिको मशीन दिसे. फोन करावा तर काय बोलावं? खरं सांगावं तर घर फुटेल. म्हणून त्या फोनच करत नव्हत्या, आणि आपण खोटं बोललो नाही एवढ्यावर रात्री पाठ टेकत होत्या.

बाराव्या दिवशी पार्वताबाईंचाच फोन आला.

"वच्छलाबाई वो, कशी आहे तब्येत? गजेंद्र म्हने तुमचं बीपी लय वाढलं. डॉक्टरनं बोलू नका म्हनून सांगतलं म्हने. म्हनून मी बारा दिवस फोन नाही केला, माय."

वच्छलाबाईंनी फोन कानाशी घट्ट धरला.

"बोलू नका तुमी, नुसतं ऐका. वातींची फिकर करू नका. तुमच्या वाट्याच्या मीच वळून राहिली, नेम तुटला नाही पाह्यजे. अन् ते तिकीट वायाच गेलं म्हने. गजेंद्र सांगत होता. जाऊ द्या. माह्याच डोक्यात आलं होतं ते, माह्यापायी तुमचे शंभर गेले, याचंच मले वाईट वाटते."

फोन ठेवला तेव्हा वच्छलाबाईंचे कान लाल झाले होते. तिला वाईट वाटत होतं! जिचा वाटा कपाटात कुलूप लावून ठेवला, ती बाई आपल्या शंभर रुपयांसाठी हळहळत होती, वर आपल्या वाती वळत होती. आणि आपल्याला आजारी ठरवून, डॉक्टरचं नाव सांगून, पोरानं आपलं मौनसुद्धा परस्पर उरकलं होतं!

"प्रणाली, माही बॅग दे."

"आई, जेवून तरी..."

"बॅग दे म्हटलं ना!"

प्रणालीनं आईचा हा आवाज जन्मात ऐकला नव्हता. तिनं बॅग दिली आणि लगेच भावाला फोन लावला.

एसटी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा गजेंद्रचा फोन आला. "आई, तिथंच उतर. मी गाडी घेऊन येऊन राहिलो. घरी बसून बोलू."

"घरी बसून लय बोललो आपन."

"आई, आयकून तं घे! साठ-पासष्ट लाख हाती येतीन कापून. अर्धे देल्ले तं माह्या दुकानाचं काय? पियुषच्या शिक्षनाचं काय?"

"पियुषले शिकवशीन तं त्याले हेही शिकवशीन काय, का शेजारनीचा वाटा कसा दाबायचा? नातू माहाही आहे, गजेंद्र. मले चालत नाही." आणि त्यांनी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.

अकोल्याला उतरल्यावर त्या घरी गेल्याच नाहीत. ऑटो थेट मागच्या गल्लीत नेला. पार्वताबाई मशीनवर होत्या. त्यांना पाहून लगबगीनं उठल्या. "अवो, एकट्या कशा आल्या? बसा, बसा, पानी देतो."

"पानी नको. पार्वताबाई, आपल्याले पहिलं बक्षीस लागलं आहे. एक कोटी. तिकिटामागं माही एकटीची सही आहे. पोरानं घेतली, अन् मी केली."

पार्वताबाई खाली बसल्या. बराच वेळ त्यांनी पदराचं टोक बोटांवर गुंडाळलं, सोडलं. वच्छलाबाई वाट पाहत होत्या, की आता ही रडेल, मिठी मारेल.

"कधी लागलं?"

"पौर्निमेले कळलं."

"म्हनजे तेरा दिवस झाले." पार्वताबाईंनी वर पाहिलं. "तुमाले ठाऊक होतं."

"मी खोटं नाही बोलली, पार्वताबाई. नेम आहे माहा. एक शब्द खोटा..."

"बोलल्या नाही, म्हनूनच तं! गजेंद्र खोटं बोलला अन् तुमी त्याले बोलू देल्लं. मी सकाळी फोन केला, तवाही तुमी गप्प. मी तिकडं तुमच्या बीपीसाठी सोमवार धरले होते वो!" त्यांचा आवाज दाराबाहेर गेला. समोरच्या घराची खिडकी उघडली. "नेम तुमचा शाबूत राह्यला, अन् मी मूर्ख ठरली!"

बारा दिवस ज्या रागानं वच्छलाबाई पोरावर, सुनेवर, नवऱ्यावर जळत होत्या, तो राग त्यांच्यावरच उलटला, आणि तो खरा होता. सगळ्यांनी मिळून त्यांना अमरावतीला नेलं होतं, पण फोन तर त्यांच्याच पिशवीत होता.

"तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"बरोबर आहे तं कागद करा. पहिले कागद. मंग चहा-पानी."

तेवढ्यात गजेंद्र धापा टाकत दारात आला. खिडक्यांतून डोकी दिसत होती. "झालं! साऱ्या गल्लीले कळलं आता!"

"कळू दे," वच्छलाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी तिकीट घेऊन कोर्टाजवळ ये. वकिलाकडून स्टँपपेपरवर लिहून घेऊ. तिकीट दोघींचं, पैसा निम्मा-निम्मा. तो कागद झाल्याशिवाय माही सही मुंबईच्या अर्जावर होत नाही. मंग तुयं तिकीट कपाटात सडो."

"उद्या? पितृपक्षात? बाबा नाही म्हनतीन."

"त्यायले सांग, पूर्वज आले असतीन जेवाले, तं त्यायलेही वाचून दाखवू."

दुसऱ्या दिवशी कोर्टाबाहेरच्या टपरीवजा ऑफिसात वकिलानं मजकूर टाइप केला. भगवंतराव आले होते. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. गजेंद्र पार्वताबाईंकडे पाहत नव्हता. वच्छलाबाईंनी सही केली आणि कागद पुढे सरकवला.

"करा सही, बाई," वकील म्हणाला. "सगळं ठीक आहे."

पार्वताबाईंनी चष्मा लावला. "पहिले वाचतो."

पहिल्या ओळीवर बोट ठेवून त्या एकेक शब्द वाचू लागल्या. वकिलानं घड्याळ पाहिलं. पान संपलं, तशी त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीवर बोट आणलं. गजेंद्र चुळबुळला, "काकू, भरोसा नाही काय आमच्यावर?"

"तू गप राह्य," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी आपली खुर्ची पार्वताबाईंच्या बाजूला, खिडकीच्या उजेडाआड येणार नाही अशी सरकवली, आणि दुसरं वाचन संपायची वाट पाहत बसल्या.