पद्माबाईंची उलटतपासणी

"आणखी एक टॉवेल वाढू?" पद्माबाईंनी न्याहारीला बसलेल्या पाहुण्यांना विचारलं. तव्यावर घावन होतं. पाहुणे हसले, पद्माबाईही हसल्या. महादेवरावांना मात्र हसू येईना. परवाच तिने विळीला छत्री म्हटलं होतं.

नागावच्या वाडीतल्या दोन खोल्या ती दोघं पर्यटकांना देत. पाहुण्यांची पाठ वळताच महादेवरावांनी डॉक्टर गाठला. मेंदूत गाठ निघाली, तीही झपाट्याने वाढणारी. मुंबईला शस्त्रक्रिया झाली, काढता आली तेवढी काढली.

मग तिथल्या डॉक्टर गौरीने दोघांना समोर बसवलं. रेडिएशन आणि गोळ्या तर द्यायच्याच, पण जोडीला एक नवं इंजेक्शन देऊन पाहण्याची चाचणी चालू होती. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती गाठीवर सोडायची, असा बेत.

"गुण येईल ना?" महादेवरावांनी विचारलं.

"काका, ते मला माहीत नाही. तेच तपासतोय."

"म्हणजे माझ्या बायकोवर प्रयोग?" महादेवराव तडकले.

"अहो, थांबा हो जरा," पद्माबाई म्हणाल्या. शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेली बाई ती. त्यांनी गौरीची उलटतपासणीच सुरू केली. त्रास काय होईल? नको वाटलं तर मध्येच सोडता येईल? आधी कुणाला दिलंय? शब्द अडला की त्या हातवारे करत. गौरी शांतपणे उत्तरं देत होती. ठाऊक नव्हतं तिथे सरळ तसं सांगत होती.

"पोरगी पाठ करून आलेली नाही, समजून आलीये," पद्माबाईंनी निकाल दिला. "मी येते चाचणीत."

मांडव्याहून लाँचने मुंबईच्या खेपा सुरू झाल्या. केस गेले. इंजेक्शननंतर हुडहुडी भरे. जन्मात गॅस न पेटवलेले महादेवराव पेज करायला शिकले. "ताप आणि ह्यांची पेज, दोन्ही सोसतेय," असं पद्माबाई फोनवर लेकीला, आश्लेषाला, सांगत.

दिवाळीनंतरच्या स्कॅनमध्ये उरलेली गाठ निम्म्याने आकसली होती. गौरीचा चेहरा उजळला, पण ती जपून बोलली. "काकू, आजार बरा झाला असं म्हणणार नाही. पण औषधं काम करतायत."

"मग समुद्रात जाऊ?"

"फिट येण्याची भीती आहे. गुडघाभर पाण्यातच, आणि कुणाचा तरी हात धरून."

महादेवराव म्हणजे उभा जन्म किनाऱ्यावर काढलेला माणूस, पण पाणी घोट्याच्या वर कधी लागू दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी पायजमा वर खोचला, बायकोचा हात घट्ट धरला आणि डोळे मिटून पाण्यात शिरले. एक लाट आली. पद्माबाई उभ्याच राहिल्या. महादेवराव सपशेल बसले.

"अहो, उठा!" हसून हसून पद्माबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुणी कुणाला धरायचं ठरलं होतं?"

नाकातोंडावरचं खारं पाणी पुसत महादेवराव उठले. "आणखी थोडं पुढे जाऊ या?" त्यांनीच विचारलं.