न फुटलेली काच

काच लावायची ती फुटावी म्हणून, असं सांगितलं तर कोणीही वेड्यात काढेल. पण तिच्या धंद्याची रीतच तशी होती. दगडाच्या एका खाणीच्या वरच्या अंगाला एक गुहा होती आणि गुहेत फार जुन्या माणसांनी गेरूने काढलेली एक रांग: डोक्यावर ओझी घेतलेली माणसं, आणि शेवटी कोणाचं तरी बोट धरून चाललेलं एक पोर. रांगेच्या मधोमध खडकाला तडा गेलेला. चित्राच्या वर, कोऱ्या खडकावर, त्या तड्यावर आडव्या अशा काचेच्या पट्ट्या ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केलेली होती. खडक केसभर सरकला तरी काच तडकणार. पुरातत्त्व खात्याची तपासनीस म्हणून ती दर महिन्याला येऊन बघायची, काच शाबूत दिसली की 'हालचाल नाही' असं कळवायची, आणि सुखाने घरी जायची.

गुहेवर राखणदार होते ते तिचे सासरे, अण्णा. वशिला म्हणा हवं तर, लोक म्हणतच होते. अण्णांनी जन्मभर फोटोंना चौकटी करून आणि खिडक्यांना काचा बसवून संसार ओढला होता. दुकान बंद झालं आणि ते घरात सगळ्यांच्या पायात पायात यायला लागले. भाजी कशी चिरावी इथपासून नातवाने कुठल्या कुशीवर झोपावं इथपर्यंत त्यांना मत होतं. शेवटी तिनेच खात्यातल्या साहेबांकडे शब्द टाकला. अण्णांना काम मिळालं, घराला शांतता मिळाली.

त्या दिवशी ती महिना भरायच्या आतच आली, कारण दुपारी खाणीचा सुरुंग पहिल्यांदाच गुहेच्या थेट पायथ्याशी उडणार होता. इतकी वर्षं काच फुटली नाही म्हणजे खडक भक्कम आहे, असं खात्याच्या समितीने तिच्याच अहवालांवरून ठरवलं होतं आणि खाणवाल्यांना पुढे सरकायला परवानगी दिली होती. उगाच रुखरुख नको म्हणून तिने पट्टीच्या टोकावर अंगठा दाबून पाहिला. अंगठा आत रुतला.

प्लास्टर दगडासारखं असतं. हे मऊ होतं, नखाला तेलाचा वास येत होता. खिडकीच्या काचेला लावतात ते लुकण होतं ते.

तिने अण्णांना हाक मारली. अण्णा हसत हसत आले, आणि तिने विचारायच्या आधीच म्हणाले की काम बेमालूम जमलंय ना, फक्त हे लुकण वाळायला फार वेळ घेतं. सुरुंग झाला की एखादी पट्टी जायचीच. मग ते घरून कापून आणलेली नवी पट्टी बसवायचे. किती वेळा, ते त्यांनी मोजलं नव्हतं.

"तूच म्हणाली होतीस ना," ते म्हणाले. "अण्णा, काच सांभाळा, एक जरी फुटली तर माझी काही खैर नाही. तुझ्या नोकरीला धक्का लागू दिला नाही मी."

म्हणाली होती ती. पहिल्या दिवशी, जाता जाता, गमतीने. पोरंटोरं दगड मारतील, गुरं अंग घासतील, तेवढ्यापुरतं. तिने पट्टी उचकटली आणि तड्यात बोट घातलं. पहिल्या वर्षी तिथे नख जात नव्हतं. आता बोट पेरापर्यंत आत गेलं.

मग तिने त्यांना सगळं सांगितलं. काच फुटली असती तर सुरुंग तेव्हाच थांबले असते, हेही सांगितलं. तिला त्यांचा राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा. अण्णा ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरला.

"फुटायलाच लावली होतीस," ते म्हणाले, "तर मला सांभाळायला का सांगितलंस?"

तिने साहेबांना फोन लावला. साहेबांनी आधी थट्टा केली, मग ते चिडले. सुरुंग भरून तयार आहे, खाणवाले आकाशपाताळ एक करतील, आणि गेल्याच महिन्यात पट्ट्या शाबूत असल्याचं तिनेच कळवलं होतं. आता कारण काय सांगायचं? पट्ट्या बदलल्या गेल्या, ती म्हणाली. साहेबांनी विचारलं, कोणी? कोणा टवाळ पोरांनी, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. ते शब्द तिच्या जिभेवर आलेही होते. पण पोरं काच फोडतात, बसवत नाहीत, हे साहेबांनाही कळत होतं. अण्णा समोरच उभे होते.

"माझ्या सासऱ्यांनी," ती म्हणाली.

मग साहेब म्हणाले की सुरुंग थांबवतो, तुम्ही दोघंही जागेवरून हलू नका, मी येतोय.

तिने प्लास्टर कालवलं आणि नवी पट्टी स्वतःच्या हाताने बसवली. अण्णांनी नुसती पाण्याची बाटली धरली. प्लास्टर घट्ट झालं तसे दोघं गुहेच्या तोंडाशी येऊन बसले. खाली खाणीत यंत्रं बंद केलेली दिसत होती, माणसं सावली बघून पांगली होती. दूर वळणावर साहेबांची गाडी धूळ उडवत येत होती. आपल्याला घरी बसवतील, अण्णांनाही काढतील, पण निदान भिंत तरी वाचली, असं ती मनाशी म्हणत होती.

आत टक असा आवाज झाला.

तो आवाज कशाचा हे अण्णांना सांगायला नको होतं. त्यांचा जन्म काचेत गेला होता. ती धावत आत गेली. पट्टी मधोमध तडकली होती आणि तिच्या दोन तुकड्यांमध्ये फट दिसत होती. खाली सुरुंग थांबला होता, यंत्रं थांबली होती. खडक थांबायला तयार नव्हता.

मागे वळून पाहिलं तर अण्णा गुहेच्या तोंडाशीच उभे होते, दोन्ही हात पाठीमागे घेऊन.

"मी हात लावला नाही, पोरी," ते म्हणाले.