वाढीव दीड स्टार

संपादकाने मला ऑफिसात बोलावलं तेव्हा रविवारचं पान तयारच होतं. त्याने ते कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं. वर माझ्या बायकोचा फोटो, चष्मा डोक्यावर सरकवलेला. बाजूला तिच्या जुन्या सिनेमा-परीक्षणांतली वाक्यं. मधोमध तिचं शेवटचं परीक्षण. तिच्या शेवटच्या दिवसांच्या गडबडीत ते छापायचं राहून गेलं होतं. त्याखाली साडेतीन स्टार होते.

तिने दोन दिले होते.

मी म्हटलं, इथे चूक झालीय. तो म्हणाला, "चूक नाही, भाऊजी. बसा जरा."

हा संपादक तिच्या हाताखाली शिकला. तिला ताई म्हणायचा, म्हणून मी भाऊजी. त्याने मला शांतपणे समजावलं. सिनेमा आला तेव्हा लोकांत दोन तट पडले होते, पण आता त्याला बक्षिसं मिळालीत, तो परत थिएटरात लागलाय, नावं ठेवणारे गप्प झालेत. अशा वेळी ताईंचे दोन स्टार छापले तर लोक म्हणतील, आजारपणात कडवट झाली होती बाई. श्रद्धांजलीच्या पानावर हे कशाला? मजकुराला हात लावलेला नाही, फक्त उशीचं वाक्य काढलंय.

ते वाक्य मला पाठ होतं. "आजारी बाई म्हणून दिग्दर्शकाने पडद्यावर एक उशी ठेवली आहे आणि सगळे तिला कवटाळून रडतात."

मी म्हटलं, उद्या येतो, तोवर पान पाठवू नका.

मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. पेपरच्या या इमारतीची लिफ्ट एकोणीस वर्षं माझ्याकडे होती. बायकोची आणि माझी ओळखही त्या लिफ्टमध्येच झाली. ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये चाळीस मिनिटं अडकली होती. मी दार उघडून तिला बाहेर काढलं, तर आभार मानायचे सोडून म्हणाली, "सुरुवात फार संथ, शेवट बरा." मी म्हटलं, पुढच्या वेळी जिन्याने जा. सहा महिन्यांनी लग्न केलं.

तिचे नियम होते. फुकटचा पास घ्यायचा नाही. परीक्षण जेवून, एक झोप काढून मगच लिहायचं, कारण भुकेल्या माणसाला प्रत्येक सिनेमा लांबलेला वाटतो. आणि ते पाठवून होईपर्यंत माझ्याशी सिनेमाबद्दल चकार शब्द नाही. त्यासाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. मी माझे स्टार चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचे, तिने तिचे. परीक्षण गेलं की डबा उघडायचा आणि भांडायचं. बावीस वर्षं आम्ही असे भांडलो. शेजाऱ्यांना वाटायचं, या घरात फार कटकटी आहेत.

फार चांगल्या आणि फार वाईट सिनेमांवर कुणीही लिहील, असं ती म्हणायची. तिचा जीव जायचा तो मधल्यांवर. "बरा आहे" असं लिहायला तिची स्वतःलाच बंदी होती. बरा म्हणजे काय, कुणासाठी बरा, ते सांगा. एकदा तिने लिहिलं होतं, "हा सिनेमा पाहून कुणाचंही नुकसान होणार नाही, आणि त्याची अडचण तीच आहे." एका नायकाबद्दल लिहिलं, "हा माणूस इतका चांगला आहे की त्याच्या शेजारी बसून चहा प्यायची इच्छा होत नाही." त्या सिनेमाच्या निर्मात्याने दोन वर्षं पेपरला जाहिरात दिली नाही. तिने ते कात्रण फ्रिजवर लावलं होतं.

शेवटचा सिनेमा पाहायला मी तिला चाकांच्या खुर्चीतून नेलं. कडेची जागा घेतली. गोष्ट एका बाईची, जी तीन महिन्यांत मरते, आणि तिच्या नवऱ्याची. मध्यंतरानंतर मी जो रडायला लागलो तो दिवे लागेपर्यंत. ती सरळ पुढे बघत होती. घरी येऊन तिने चार घास खाल्ले, झोपली, सकाळी उशीला टेकून लिहिलं, मी ते टाइप करून पाठवलं. मग डबा उघडला. तिचे दोन. माझेही दोन.

तिने माझी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "खोटं आहे हे. माझ्या शालीला नाक पुसलंत तुम्ही."

मी म्हटलं, आता कशाला वाद घालायचा, तुला त्रास होतो.

"म्हणजे मी मरतेय म्हणून मला वाढवून देताय? त्या सिनेमाला लोक तेच करतायत. त्यातली बाई मरते ना, द्या स्टार. मला नकोत असले. खोडा ते, आणि खरं लिहा."

मी खोडलं आणि चार लिहिलं. ती खूश झाली आणि दोन दिवस माझ्याशी कचाकचा भांडली. ती बाई तीन महिन्यांत एकदाही कुणावर खेकसत नाही, हे तुम्हाला पटलं? मी काल तुमच्यावर ताट भिरकावलं ते कुठंय त्यात? आणि खिडकीतून येणारं ऊन रोज बरोब्बर तिच्या तोंडावरच कसं पडतं? मी म्हणालो, तो नवरा रात्री तिचा श्वास मोजतो ते खरं आहे. ती म्हणाली, तेवढ्याचा एक स्टार दिलाय, दुसरा त्या नर्सचा. त्यानंतर नऊ दिवसांनी ती गेली.

संपादकाकडून घरी आलो त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. त्याने तिलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाबा, जाऊ द्या ना. आईला लोकांनी चांगलं म्हणावं असं नाही वाटत तुम्हाला?" मी म्हटलं, तुझ्या आईला कुणी चांगलं म्हटलं की ती विचारायची, कशावरून? मुलगी हसली, मग रडली, आणि म्हणाली, करा तुम्हाला काय करायचं ते.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो. लिफ्टमध्ये खडखड होत होती. नवीन माणूस तेल घालत नसावा. संपादकाच्या टेबलावर मी दोन्ही चिठ्ठ्या ठेवल्या. त्याने माझी वाचली.

"तुम्ही चार दिलेत?"

"हो."

"मग भांडता कशाला, भाऊजी? तुमचं आणि माझं मत एकच आहे."

"म्हणूनच तिचं बदलू देणार नाही. माझं मत माझ्यापाशी आहे. तिचं सांगायला ती नाहीये."

त्याने मग मधला रस्ता काढला. दोनच छापू, पण खाली एक ओळ टाकू, हे परीक्षण गंभीर आजारात लिहिलेलं आहे. मी म्हटलं, ती ओळ टाकायची असेल तर तिचा फोटो काढा, वाक्यं काढा, सगळं पान काढा, पानासाठी दिलेल्या तिच्या वह्या मी परत नेतो. आजार मूत्रपिंडांना होता, मताला नव्हता.

तो खुर्चीत मागे टेकला. आपणहून बोलू लागला. त्याचं पहिलं परीक्षण ताईंनी सात वेळा लिहायला लावलं होतं. मित्राचा सिनेमा होता, त्याने साडेतीन दिले होते.

मी विचारलं, "सातव्या वेळी किती उरले?"

"दोन," तो म्हणाला.

मग त्याने पडद्यावरचे दीड स्टार पुसले आणि उशीचं वाक्य परत आणलं. मी शेजारी उभा राहून शब्द न् शब्द तपासला. खालची ओळ त्याने टाकली नाही.

रविवारी सकाळपासून फोन. पेपरवाल्यांनी नंबर कसा दिला कोण जाणे. कुणी म्हणालं, बक्षीस देणाऱ्यांपेक्षा ही शहाणी का? मी म्हटलं, तसं तिचं मत होतं खरं. एक बाई फारच चिडल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्या मिसेसना हृदयच नव्हतं. मी म्हटलं, हृदय उत्तम होतं, डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. त्यांनी फोन ठेवला. दुपारपर्यंत मी सगळ्यांशी भांडलो. फोन खाली ठेवला नाही, एकालाही सॉरी म्हटलं नाही. आवाज बसला.

सोमवारी तो सिनेमा परत पाहायला गेलो. तिकीट काढून, तीच कडेची जागा. उन्हाचा प्रसंग आला तेव्हा ते ऊन सरळ त्या बाईच्या तोंडावर पडत होतं. या वेळी ते मला दिसलं. उशीही दिसली. तरी मी रडलो. शाल घरी होती, बाहीला नाक पुसलं.

घरी येऊन जेवलो. झोपलो. सकाळी चिठ्ठी घेतली आणि नीट विचार केला. श्वास मोजणारा नवरा, नर्स, ऊन, उशी, सगळं धरून.

चार लिहिले.

तिची दोनची चिठ्ठी डब्यात होतीच. तिच्यावर माझी ठेवली. झाकण हल्ली नीट बसत नाही, हातोडीने कड ठोकून बसवलं.