माझा लोखंडाशी संबंध नाही

मी एक शब्द आहे. धनुर्वात. रोग वेगळा, मी त्याचं नुसतं नाव.

कुणा जुन्या वैद्यानं माणसाचं अंग धनुष्यासारखं मागे वाकताना पाहिलं आणि मला घडवलं. जंतू तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून सगळा दोष वाताच्या माथी. चालायचं. पोथीतून मी शाळेच्या पुस्तकात आलो, दवाखान्याच्या भिंतीवर आलो. बरं चाललं होतं.

मग म्हाताऱ्यांनी मला लोखंडाला बांधलं. खिळा, पत्रा, विळा लागला की माझी आठवण. काटा घुसला तर माझं नावही नाही. माझा जंतू मातीत राहतो, शेणात राहतो. जन्मभर माती तुडवणाऱ्यांनाच हे माहीत नाही, आणि विचारायची त्यांना लाज वाटते.

जानेफळजवळच्या एका मळ्यातले शेषराव असेच. वांग्याला शेणखत टाकताना त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा खोल रुतला. चप्पल अर्थातच बांधावर काढून ठेवलेली. बायकोनं, रुखमाबाईंनी, काटा काढून हळद दाबली. कॉलेज सोडून घरी बसलेली नात सुचिता म्हणाली, "आबा, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या."

"लोखंड लागलं का?"

"नाही, पण पाय शेणात होता तुमचा."

"कालेज सुटलं अन् डाक्टरीण झाली का वं? आमचा जलम गेला शेणात."

"म्हणूनच सांगून राह्यली."

"जाय, चहा मांड."

तिनं चहा मांडला. साखर टाकली नाही.

जखम भरली. शेषराव टाच दाखवत गावभर फिरले. मग एका सकाळी त्यांचा जबडा उघडेना. दाढ धरली असंन, असं रुखमाबाई म्हणाल्या. मान ताठ झाली तेव्हा त्यांनी दृष्ट काढली. तेवढ्यात हातातून ताटली पडली, आणि त्या आवाजासरशी शेषरावांची पाठ कमानीसारखी उचलली गेली. सुचितानं कुणाला न विचारता गाडी बोलावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझं नाव घेतलं.

"पन ह्यायले लोखंड लागलंच नाई," रुखमाबाई म्हणाल्या.

"आजी, लोखंडाचं काय घेऊन बसलात? जंतू शेणामातीतला. काट्यानं आत नेला."

अंधाऱ्या, शांत खोलीत शेषराव कितीतरी दिवस पडून होते. वाचले. निघताना डॉक्टरांनी बजावलं, एकदा झाला म्हणून हा रोग परत होत नाही असं नाही. राहिलेली इंजेक्शनं घ्याच.

गावात आल्यावर शेषराव पारावर सांगू लागले, "काट्यासंगं बारीक खिळा असंनच. नाई तं धनुर्वात होतेच कसा?" बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मरणाच्या दारातून परत आलेल्या माणसालाही आपलं चुकलं म्हणवत नव्हतं.

इंजेक्शनचा दिवस आला तसे ते खाटेवर आडवे झाले. "झाला एकदा. आता कायले?"

सुचिता दारात उभी होती. तिच्या जिभेवर काय काय आलं ते मला दिसलं. शब्दाला तोंडातलं कळतं. ते सगळं तिनं गिळलं.

"खिळा होता ना, आबा?"

"होताच."

"गंजका?"

"असंन."

"मंग गंजक्या खिळ्याले इंजेक्शन लागते का नाही?"

शेषराव खाटेवरून उठले. टोपी घातली. "चाल."

पुन्हा एकदा मला लोखंडाला बांधलं गेलं. चालायचं. म्हातारा उठला होता. पण तुम्हाला तरी असं फसवून न्यायची वेळ आणू नका. काटा रुतला की लोखंड शोधत बसू नका. तेव्हाच माझं नाव घ्या आणि दंड पुढे करा. तुमच्या घरात मला नुसतं नाव राहू द्या.